दिवाणियाचं दार

मंगफ, कुवेत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,
विशाखाचा वाकून नमस्कार.

आम्ही तिघंही सुखरूप आहोत. हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला सगळेच सवयीने लिहितात, मी मात्र विचार करून लिहिलं आहे. पुढे वाचताना कुठे छातीत धस्स झालं, तर परत वर या आणि ही ओळ वाचा.

पत्र तेजस्वीच्या हाती पाठवते आहे. मागे तुमच्याकडे खजूर घेऊन आली होती ना, आपल्या जालगावची, इथे जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स आहे, तीच. आज रात्रीच्या विमानाने निघते आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. त्याला कारण तुम्हीच आहात. फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. मी अर्ध्यात असते आणि तुमचं "अगं पण" सुरू होतं. इतकी वर्षं शाळेत शिकवलंत, तिथे मुलांचं उत्तर तरी शेवटपर्यंत ऐकत होतात का, मला शंकाच आहे. आणि मला जे सांगायचं आहे ते अर्ध्यात तुटलं तर वाईट होईल. शिवाय मी रडले असते, मग तुम्ही रडला असतात, आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं.

परवा तुमचा व्हॉइस मेसेज आला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ऐकला. "विशाखा, रितेशला सांग, हवं तर रातांबा तोडू. काशिनाथला बोलावून घेते. रितेशच्या गाडीला जागा होईल. पण एकदा माझ्याशी बोल म्हणावं."

आई, आधी काशिनाथला कुऱ्हाड घरी ठेवून यायला सांगा. मे महिन्यात त्या झाडावरून तुम्हा मायलेकांची जुंपली आणि हा न जेवता मुंबईला निघाला, हे खरं. त्यानंतर फोनवर तुटक बोलायचा, तेही खरं. पण दिवाळीपासून तो अजिबात बोललेला नाही, त्याचा आणि झाडाचा काही संबंध नाही. तो रागावलेला नाही. रागावलेला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ मध्यंतरी आमच्यावर आली होती.

ते सांगतेच. पण आधी ऑफिसचं सांगू द्या. टाळत नाहीये. बरं, थोडं टाळते आहे, पण त्या गोष्टीशिवाय ही सांगता येणार नाही.

तुम्ही मला नेहमी विचारता, कॉम्प्युटरवर घर बांधतेस म्हणजे नक्की काय करतेस? तर इथल्या लोकांच्या बंगल्यांचे आराखडे आम्ही करतो. आराखडा म्हणजे नुसत्या रेघा, घरमालकाला त्यातलं काही कळत नाही. म्हणून त्या रेघांवरून कॉम्प्युटरवर घराचं मॉडेल उभं करायचं आणि त्याचं अगदी फोटोसारखं चित्र काढून द्यायचं. ह्याला रेंडर म्हणतात, आणि ह्या कामात आमच्या ऑफिसात माझा हात धरणारं कुणी नाही. संगमरवरात झुंबराचं प्रतिबिंब, गालिच्याचा धागान् धागा, खिडकीतून येणारं संध्याकाळचं ऊन. एकेका चित्रासाठी मशीन रात्रभर घरघरत बसतं. सकाळी चित्र बघून लोक विचारतात, घर बांधून झालं की काय! मला इथे सगळे "मुहंदिसा" म्हणतात. म्हणजे इंजिनियरीणबाई. ऐकायला मस्त वाटतं.

ह्या वर्षी आमच्या जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपत आलं. आमचे साहेब, इंजिनीयर अशरफ, हे इजिप्तचे. मनाने चांगले, आवाजाने वाईट. ते म्हणाले, पुढे कोणतं घ्यायचं ते तू ठरव, तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर. आमच्यात मुकेश म्हणून एक नाशिकचा आहे, त्याने लगेच एका नव्या सॉफ्टवेअरची ट्रायल उतरवून घेतली आणि मला दाखवायला आला.

हे नवं प्रकरण म्हणजे सुखदाच्या व्हिडिओ गेमसारखं. ते चित्र काढून देत नाही, सरळ घरात नेऊन सोडतं. बाण दाबले की आपण चालायला लागतो, मान वळवली की खोली वळते, दार ढकललं की उघडतं. रात्रभर थांबायचं कामच नाही. पण झाडं प्लॅस्टिकची वाटतात, माणसं कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखी उभी, आणि संगमरवर बघितला तर लादी पुसल्यासारखा. मी नाक मुरडलं.

"मॅडम, ह्यात क्लायंटला पाहिजे तिथे फिरता येतं," मुकेश म्हणाला.

"तेच तर नको आहे," मी म्हटलं. "आपण दाखवू तेवढंच क्लायंटने बघावं. कॅमेरा कुठे लावायचा ह्यालाच तर अक्कल लागते."

हे मी चांगलं ऐटीत बोलले होते. आणि पोटात थोडी भीतीही होती, ती तुमच्यापासून कशाला लपवू? ह्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये मुकेश दोन तासांत जे करतो त्याला मला आठवडा लागतो. ते आलं की माझी मक्तेदारी गेली. इथे नोकरी गेली की इकामा जातो, म्हणजे राहायचा परवाना, आणि नेमक्या ह्याच दिवसांत आम्हाला इथून हलून चालणार नव्हतं. का, ते पुढे येईल.

अशरफसाहेबांनी वाद मिटवला. म्हणाले, दोन्ही सॉफ्टवेअर एकाच घरावर लावा आणि गिऱ्हाइकालाच दाखवा. घर निवडलं रुमैथियातल्या आदिल नावाच्या माणसाचं. पाया अजून खणायचा होता. आदिलने माझी जुन्या पद्धतीची चित्रं बघितली, खूश झाला आणि म्हणाला, "आता हे घरी माझ्या आईला दाखवा. ती हो म्हणाली की खलास."

तर गेल्या आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन रुमैथियाला गेले. मुकेशला आतल्या बायकांच्या बैठकीत प्रवेश नाही, त्यामुळे त्याचं सॉफ्टवेअर चालवायचं कामही माझ्याच गळ्यात.

त्या बाईंना सगळे "उम्म आदिल" म्हणतात. उम्म म्हणजे आई. इथे मुलगा झाला की बाई त्याच्या नावाने ओळखली जाते, तिला नाव घेऊन कुणी हाक मारत नाही. म्हणजे तुम्ही उम्म रितेश. वयाने तुमच्याच बरोबरीच्या, गुडघेही तुमच्यासारखेच, आणि नजरही. वडिलांचा मुंबईत खजुराचा व्यापार होता म्हणे, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी येतं. मला आधी खायला घातलं, मग चष्मा लावला.

मी माझी चित्रं एकेक करून दाखवली. त्या प्रत्येकाला "माशाल्ला" म्हणाल्या. मी फुलले. मग एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, "इसके पीछे क्या है?"

"उसके पीछे का फोटो नहीं है, खाला."

"क्यूँ नहीं है?"

मी लॅपटॉपवर मुकेशचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यांना त्या पुतळ्यांशी आणि प्लॅस्टिकच्या झाडांशी काही देणंघेणं नव्हतं. "चलो," म्हणाल्या. मी बाण दाबत चालले आणि त्या सांगत राहिल्या. इधर, उधर, पीछे देखो, ऊपर देखो. त्यांचं घर त्यांनी असं पालथं घातलं की बस्स. शेवटी आम्ही दिवाणियात पोचलो. दिवाणिया म्हणजे पुरुषमंडळींची बैठक. रोज संध्याकाळी मित्र, शेजारी, पाहुणे तिथे येऊन बसतात, रस्त्यावरून त्याला वेगळं दार असतं. घरातल्या बायकांचा आणि त्या खोलीचा संबंध फक्त आतल्या दारापुरता, चहा-कॉफी पाठवण्यापुरता.

"अब ये अंदर का दरवाज़ा खोलो."

मी उघडलं. आई, समोर सरळ दिसलं काय, तर आतला हॉल, हॉलच्या पलीकडे स्वयंपाकघराचं दार, त्यातून ओटा, ओट्यापलीकडे मागचं दार आणि मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी. एका रेषेत, आरपार. दिवाणियात बसलेल्या माणसाने नुसती मान वर केली तरी उम्म आदिल कढईत काय ढवळताहेत ते दिसावं.

त्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, "सब मर्द लोग मेरा किचन देखेगा?"

तुम्हाला कळलं ना, हे कुणाचं घर होतं? आपलं. ओटीवर उभं राहिलं की माजघरातून मागच्या पडवीतली विहीर दिसते, ते आपलं दापोलीचं घर. आदिलने मध्येच दिवाणिया मोठा करून मागितला होता, तेव्हा ते आतलं दार मला सरकवावं लागलं आणि माझा हात आपोआप समोरच्या दारांच्या रेषेत गेला. वारा खेळला पाहिजे ना! इथे बारा महिने एसी आणि बाहेर धूळ, कुणाला हवाय वारा? आराखड्यात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शेवटचा बदल सगळे घाईतच बघतात. आणि माझ्या त्या सुंदर चित्रांत ते कधी येणारच नव्हतं. मी प्रत्येक चित्राचा कॅमेरा चांगल्या कोपऱ्यात लावला होता.

मी शरमेने लालबुंद. म्हटलं, "खाला, माफ करो. छुपाया नहीं, सच्ची. बस, फोटो में आया नहीं."

त्या हसायला लागल्या. "फोटो तो शादी का लड़का भी भेजता है, बेटी," म्हणाल्या आणि माझ्या बशीत अजून एक करंजीसारखं काहीतरी ठेवलं.

दार तिथल्या तिथे दोन हात बाजूला सरकवलं. पडद्यावर एक रेघ फक्त. तेच घर बांधून झाल्यावर कळलं असतं तर भिंत पाडावी लागली असती आणि माझं नाव कुवेतभर झालं असतं. अशरफसाहेबांना सांगितलं तेव्हा ते "ए दा, या मुहंदिसा!" (हे काय, इंजिनियरीणबाई!) म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर डोकावून गेला. मग स्वतःच खुर्चीत बसले, चहा मागवला, आणि म्हणाले, अल्लाची कृपा, अजून पाया खणला नाही. मी अहवालात नवं सॉफ्टवेअर लिहून दिलं. माझी मक्तेदारी गेली, पण नोकरी पक्की झाली. घरातल्या बायकांपुढे लॅपटॉप घेऊन बसणारं माणूस लागणारच, आणि ते मुकेश नाही.

ही झाली ऑफिसची गोष्ट. तुम्ही हसला असाल. आता पाण्याचा घोट घ्या.

ते "फोटो में आया नहीं" माझ्या डोक्यातून जाईना. रुमैथियाहून मंगफला येईपर्यंत गाडीत मला दिवाळीचा आपला व्हिडिओ कॉलच दिसत होता. आकाशकंदील, फराळाचं ताट, सुखदाचा परकर-पोलका, आणि मागे पाठमोरा उभा राहून पणत्या लावणारा रितेश. तुम्ही म्हणालात, "ह्याला वळून बघायलाही वेळ नाही का?" मी म्हटलं, प्लांटचं शटडाउन आहे, धावतपळत आलाय, पुन्हा जायचंय. आई, तो पाठमोरा होता तो काही योगायोगाने नाही. फोन कुठे टेकवला म्हणजे त्याचा गळा दिसणार नाही, हे मी आधी नीट बघून ठरवलं होतं. कॅमेरा लावण्यात माझा हात धरणारं कुणी नाही ना! मग सुखदा मध्ये तोंड घालून म्हणाली, "आजी, पप्पाज व्हॉइस इज ऑन लीव्ह," आणि फोन बंद झाला. मी सांगितलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं.

रितेशच्या गळ्यात गाठ होती. थायरॉइडला. दाढी करताना त्यालाच हाताला लागली. सुई घालून तपासलं तरी नक्की काय ते कळेना, म्हणून डॉक्टरांनी दिवाळीच्या आधी ऑपरेशन करून तेवढा अर्धा भाग काढून टाकला आणि तपासणीला पाठवला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण आवाजाची शीर तिथूनच जाते, ती ताणली गेली की काही दिवस आवाज जातो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तसाच गेला. शटडाउन म्हणजे हेच होतं. तो तुमच्याशी बोलत नव्हता, कारण त्याला बोलताच येत नव्हतं. घरात आम्ही सुखदाच्या पाटीवर संसार केला. "मीठ दे." "लाइटबिल?" "आईला कळलं नाही ना?"

वर जाऊन पहिली ओळ वाचून या.

मी त्याला म्हणत होते, आईंना सांगू. तो ऐकायला तयार नव्हता. अप्पांचंही गळ्यापासूनच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तुम्ही त्यांना चमच्याने पाणी पाजत बसायचात, ते त्यानेही बघितलंय आणि मीही. गळ्यात गाठ एवढे दोन शब्द तुमच्या कानावर गेले असते, तर तुम्ही पुन्हा तो चमचा हातात घेऊन बसला असतात. म्हणून त्याने मला शपथ घातली आणि मी ती पाळली. मी ह्यात त्याच्याइतकीच सामील आहे. रागवायचं असेल तर अर्धं माझ्यावर रागवा.

पण आम्ही तुम्हाला वाचवायला गेलो आणि तुम्ही तिकडे भलतंच दुःख करत बसलात. परवा तुमचा मेसेज मी त्याला ऐकवला. "हवं तर रातांबा तोडू" हे ऐकून तो पलंगावर बसला तो उठेचना. मग पाटीवर लिहिलं, "रिपोर्ट येऊ दे." मी विचारलं, आणि वाईट आला तर? तर सांगणारच नाहीस का कधी? त्याने ते पुसलं आणि पाटी तशीच कोरी धरून बसला. मी तेव्हाच ठरवलं होतं, रिपोर्ट काहीही येवो, हे पत्र जाणार. फक्त वाईट आला असता तर अक्षर इतकं सरळ आलं नसतं.

काल रिपोर्ट आला. काही नाही, आई. साधी गाठ होती. कॅन्सर नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं आणि मी तिसऱ्यांदा विचारलं. पुढचं औषधही किरकोळ आहे. तेजस्वीची ड्यूटी तिथेच होती, तिने रिपोर्ट स्वतः वाचलाय. तुमचा विश्वास बसेपर्यंत तिला घरी बसवून घ्या, हवं तेवढं विचारा, आणि जेवल्याशिवाय सोडू नका.

आम्ही खाली येऊन गाडीत बसलो. मंगफच्या वाटेवर नेहमीच्या टपरीपाशी करक चहा प्यायला थांबलो. करक म्हणजे आपला आटवलेला, वेलची घातलेला. इथे गाडीतूनच ऑर्डर द्यायची असते. मी काच खाली करेपर्यंत ह्याने माझ्या अंगावरून वाकून चहावाल्याला सांगितलं, "एक में शुगर कम!" आवाज कसला, फाटक्या पिपाणीसारखा. पण चहावाल्याला ऐकू गेलं. त्याने हात वर केला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले आणि हा माझ्या पाठीवर थापट्या मारत घोगरा हसत होता. इतका बेचव चहा मी आयुष्यात प्यायले नाही. घाईत चहावाल्याने दोन्हीत साखर कमी घातली होती.

आवाज रोज थोडा थोडा सुटतो आहे. आत्ता हे लिहिताना आंघोळीच्या खोलीतून ऐकू येतो आहे. तो तुमच्याशी बोलायची तयारी करतोय. झाडाबद्दल त्याला काय सांगायचं आहे ते मला माहीत आहे, पण ते त्याचं त्याने सांगायचं, मी नाही.

तेजस्वी रविवारी सकाळी तुमच्याकडे येईल. पत्र वाचा, रडून घ्या, देवापुढे साखर ठेवा. संध्याकाळी तुमची दिवेलागण झाली की तो व्हिडिओ कॉल करेल. ह्या वेळी फोन कुठेही टेकवून ठेवणार नाही, त्याच्याच हातात देणार आहे. तुम्ही सांगाल तिकडे तो फिरवेल. घर पसरलेलं असेल, ते बघा. टाके बघायचे असतील तर मफलर काढायला सांगा. जखम छान भरली आहे.

एवढंच करा. तो हळू बोलेल. आवाज मध्येच बसेल, परत येईल. तेव्हा "अरे पण" म्हणू नका. ह्या एका खेपेला, आई, त्याला वाक्य पुरं करू द्या.

उम्म रितेश यांची,
आता पुढचं-मागचं दार सताड उघडं टाकून बसलेली,
विशाखा